तंबोरा निघाला कोरड्या मुलखात

आमचे औंध दुष्काळी खटावातले. यमाईच्या डोंगराखाली १९४० पासून शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ संगीत महोत्सव भरतो, तो पावसाळा सरताना, आश्विनात. हवा कोरडी होऊ लागली की तंबोऱ्याच्या खुंट्या आटतात, निसटतात. लावलेला पंचम गाता गाता उतरतो. औंधात ही गत, तर वाळवंटात काय होत असेल?

माझा भाचा अमेरिकेत ॲरिझोनाला असतो. त्याला तंबोरा हवा होता, म्हणून मी मिरजेला गेलो. पटवर्धनांच्या त्या गावात एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब या शिकलगारांनी हत्यारांचे काम सोडून वाद्ये हाती घेतली. तिथून हा धंदा वाढला. चाचांनी आधी विचारले, "जायचंय कुठल्या हवंत?" मी सांगितले. ते उठले आणि माळ्यावरच्या फळ्या टकटक वाजवू लागले.

लाकूड तोडल्यावरही हवेशी देवघेव चालूच ठेवते. हवेत ६५ टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण १२ टक्के पाणी राहते. आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की जेमतेम ६. लांबीत ते जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. त्यातही वर्षवलयांच्या कडेकडेने जेवढे आटते, त्याच्या सुमारे निम्मेच गाभ्याकडून सालीकडे. म्हणून फळी गाभ्यातून सालीकडे चिरलेली हवी. आडवी चिरलेली वाकते, तडकते. सागवान कमी आटते, पण अंगाने जड. मिरजेत तबलीला आणि दांडीला तून वापरतात. हलके, नादाला चांगले, मात्र नीट मुरलेले पाहिजे. पॉलिशने ओलावा हळू जातो, थांबत नाही. शिवाय खाली पंढरपूरकडचा भोपळा. त्याचा स्वभाव वेगळा, लाकडाचा वेगळा. पहिली चीर बहुधा जोडावरच पडते.

भाच्याला दोन महिन्यांत वाद्य हवे होते. चाचांनी विसार घेतला नाही. म्हणाले, "शायरसाहेब, तिथं जाऊन फुटला तर नाव माझं जाईल. ही फळी अजून एक उन्हाळा खाऊ दे." कविता उद्या हवी म्हटले तर मी रात्रीत देतो, यांना तसे जमत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, फार चांगले झाले. त्याने नावाची नक्कल रोखता येईल. पण वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहणाऱ्या लाकडात अडकलेला पैसा कोण देणार? गिऱ्हाईक घाईचे, आणि मोबाइलमधला तंबोरा तर फुकट वाजतो. मुरलेले लाकूड राखणारा कारागीर त्यामुळे दर वर्षी घाट्यात जातो. मला वाटते, वाद्य परदेशी नेणाऱ्याने निदान लाकडाचे पैसे आगाऊ द्यावेत. भाच्याने ते पाठवले, तेव्हा चाचांनी घेतले.

फळी अजून माळ्यावरच आहे. चाचांनी निरोप मात्र आताच देऊन ठेवलाय: पाठवताना तारा सैल करायच्या, आणि तिकडे हीटरजवळ ठेवायचा नाही.