रिकाबीच्या बुडावरचा शिक्का



गेल्या वर्षी नववीतील एक मुलगा वर्तमानपत्रात गुंडाळलेली निळ्या नक्षीची रिकाबी घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या पणजोबांनी जहाजावरील नोकरीत असताना ती आणली होती. जुन्या वस्तू घेणारा दारावर येऊन पाचशे रुपये सांगून गेला होता, आणि घरात मोठ्या बहिणीच्या कॉलेजची फी भरावयाची होती. "सर, ही चीनच्या बादशहाच्या वेळची असेल का?"

मी इतिहास शिकवतो, पण चिनी भांड्यांतले मला काही कळत नव्हते. मोबाईलवर शोधू लागलो. गोथेबोर्ग डॉट कॉम या स्वीडनमधील संकेतस्थळावर चिनी व जपानी शिक्क्यांची छायाचित्रे अर्थासह आहेत. अक्षरे वरून खाली व उजवीकडून डावीकडे वाचावयाची. उर्दू वाचणाऱ्या मुलांना हे लवकर जमते. आमच्या सहा अक्षरांचा अर्थ निघाला : 'महान मिंग घराण्याच्या श्वेनदे कारकीर्दीत घडविले', म्हणजे १४२६ ते १४३५. मुलगा उडालाच. मीही हुरळलो, खोटे कशाला बोलू?

पण हा शिक्का पुढील शतकांतही सर्रास घातला गेला. कोणी जुन्या कारागिरीचा मान म्हणून घाली, कोणी गिऱ्हाईक फसविण्यासाठी. जपानी भांड्यांवरही तो सापडतो. शिक्क्याला जन्मदाखला समजू नये.

मग पडताळा कशाशी घ्यावा? ज्यांचा काळ पक्का ठरला आहे अशा वस्तूंशी. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह पाहता येतो. हे गृहस्थ १८९२ साली आपल्या मुंबईत जन्मले, बगदादी यहुदी घराण्यात. त्यांच्या दोन फुलदाण्यांच्या मानेवर १३५१ सालचा लेख आहे. त्या काळची निळी भांडी ओळखताना अभ्यासक त्यांचाच आधार घेतात. चंगदे कारकीर्दीतील (१५०६-१५२१) अरबी-फारसी मजकुराच्या चिनी वस्तूही त्यात आहेत. पालकांनी त्या मुलांना जवळ बसवून अवश्य दाखवाव्यात.

श्वेनदे काळच्या भांड्यांवर निळा रंग ठिकठिकाणी साकळून काळपट ठिपके पडलेले दिसतात. आमच्या रिकाबीचा निळा सगळीकडे सारखा. शिवाय काठाच्या वेलीची जोडणी एके जागी चुकली होती. म्हणजे नक्षी हाताची नव्हे, छापाची! जपानात अशी छापील भांडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या प्रमाणावर निघू लागली. मुलाने ती चूक स्वतः शोधली, याचे मला अधिक कौतुक वाटले.

किमतीबाबत एवढेच सांगतो. विकणाऱ्याने मागितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे. लिलाव-संस्था झालेल्या विक्रीचे आकडे संकेतस्थळावर देतात, ते पाहावेत. त्यांतही बहुधा संस्थेचे खरेदीदाराकडून घेतलेले कमिशन धरलेले असते. आणि वस्तू खरोखरच शंभर वर्षांहून जुनी निघाली, तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यान्वये ती खासगी व्यक्तीस परदेशी विकून पाठविता येत नाही.

आमच्या रिकाबीसारख्या रिकाब्या दारावरच्या माणसाने सांगितलेल्या भावाच्या आसपासच विकल्या गेल्या होत्या. त्या बिचाऱ्याला मी मनातल्या मनात लबाड ठरविले होते! फीची तजवीज पुढे शिष्यवृत्तीतून झाली. रिकाबी त्याच्या दादीने परत फडताळात ठेवली. यंदाच्या ईदला मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा खजूर तीतच समोर आले.