पोस्टरवरचा माणूस



वसंत व्याख्यानमाला ही पुण्यास १८७५ साली सुरू झालेली आणि पुढे महाराष्ट्रभर रुजलेली प्रथा आहे. तेथे इतिहास, शेती, धर्म, अर्थकारण असे भारदस्त विषय यावेत, ही श्रोत्यांची अपेक्षा रास्तच आहे. तेव्हा आम्ही सिनेमाच्या पोस्टरवर बोलणार, हे वाचून वडीलधाऱ्यांच्या कपाळी थोडी आठी पडली असेल, आणि मागे बसलेल्या तरुण मंडळींना हुरूप आला असेल. दोघांनाही आमचे सांगणे एवढेच की, हा विषय शेतीचाही आहे आणि इतिहासाचाही.

सिनेमाविषयी बोलताना आपण नटनट्यांविषयी बोलतो, फार तर दिग्दर्शकाचे नाव घेतो. पण भिंतीवरचे चित्र ज्याने काढले, अक्षरे ज्याने रेखली, त्या माणसाची चौकशी कोणी करीत नाही. आज त्याला ग्राफिक डिझायनर म्हणतात. पूर्वी पेंटर म्हणत. गंमत अशी की, चित्रपट पाहणाऱ्यांपेक्षा त्याचे पोस्टर पाहणारे नेहमीच अधिक. तिकिटाला पैसे नसलेलाही पोस्टर पाहतो. बैलगाडीच्या दोन्ही बाजूंना पोस्टरे लावून, ढोल वाजवीत आणि हँडबिले उधळीत गावातून फेरी निघे, त्या काळी तर चित्रपट तंबूत राही आणि पोस्टर घरोघर पोचे. म्हणून आपला समाज पडद्यावर कसा दिसतो, हा प्रश्न ज्याला विचारावयाचा आहे, त्याने आधी कागदापासून सुरुवात करावी.

कागदाची ही कहाणी चित्रपटापेक्षा जुनी आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी देशभर गेल्या. देव कसे दिसतात हे लोकांनी त्या तसबिरींवरून ठरविले. दादासाहेब फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. शिळाछपाईचा उद्योगही त्यांनी केला होता. १९१३ साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, तेव्हा छापील तसबिरीतले जगच हालू-चालू लागले, असे म्हटले तरी चालेल.

मात्र पोस्टर हे कलेचे अंग आहे हे ज्याने दाखविले, तो पुरुष कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर यांचा जन्म १८९० चा. शाळेचे शिक्षण बेताचे. पण नाटकांचे पडदे रंगवून हात तयार झालेला. आनंदराव या बंधूंबरोबर त्यांनी कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी काम सोडले नाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० साली 'सैरंध्री' झळकला आणि लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. चित्रीकरणापूर्वी पात्रांचे पोशाख, त्यांची उभे राहण्याची ढब, मागील देखावा हे सारे बाबूराव स्वतः रेखाटून घेत. चित्रपटाबरोबर माहितीपुस्तिका छापावी, रंगीत पोस्टर काढावे, ही रीतही त्यांच्याकडे आली. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर हे आज उपलब्ध असलेल्या अगदी जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांपैकी मानले जाते. चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. कागद तेवढा उरला. मूकपटांच्या काळातील बहुतेक फिती नष्ट झाल्या आहेत. त्यामुळे त्या काळचा माणूस पडद्यावर कसा उभा केला होता, याचा पुरावा पुष्कळदा पोस्टर, पुस्तिका आणि थोडीफार छायाचित्रे यांतूनच शोधावा लागतो.

आता हे पोस्टर तयार कसे होई ते पाहू, कारण आमचा मुद्दा त्या कृतीतच दडलेला आहे. चित्रपट काळापांढरा असे. कंपनी चित्रकाराच्या हाती काही काळीपांढरी छायाचित्रे देई आणि त्यांवरून त्याने रंगीत पोस्टर करावयाचे. नायिकेच्या लुगड्याचा रंग कोणता, आकाश कोणते, आणि मुख्य म्हणजे कातडीचा रंग कोणता, हे फीत सांगत नसे. ते चित्रकार ठरवी. त्याने काय ठरविले? नायक-नायिका गोरी, गालांवर गुलाबी झाक. खलपुरुषाच्या तोंडावर हिरवी-निळी छाया. उन्हात राबणाऱ्या शेतकऱ्याची बायको पोस्टरवर सावलीत वाढल्यासारखी उजळ. कोणी तसा हुकूम सोडला होता असे नव्हे. चित्रकाराला वाटे, लोकांना हेच आवडते. आणि लोक तेच पाहत आले म्हणून त्यांनाही तेच आवडू लागले. विहीर आणि मोट यांच्यासारखे हे एकमेकांना ओढणारे चक्र आहे.

चित्राची सत्ता किती असते याची दोन उदाहरणे देतो. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. साहेबमामा फत्तेलाल हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार, जातीने मुसलमान. आणि वारकऱ्यांच्या तुकोबाचे जग पडद्यावर उभे करण्यात त्यांचा एवढा मोठा वाटा. तुकोबांचे छायाचित्र असणे शक्यच नाही. तरीही आज डोळे मिटले की आपल्यापुढे येतो तो विष्णुपंत पागनीसांचा चेहरा. त्याच चित्रपटात गौरी यांनी रंगविलेली आवली पाहा: म्हैस सांभाळणारी, पोरांच्या भुकेपायी देवालाही न सोडणारी. तिला कोणी गुलाबी केले नाही, म्हणून ती आजही खरी वाटते. दुसरे उदाहरण कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांचे. सिनेमाची पोस्टरे रंगविणारा हा कलावंत. त्याने काढलेले शिवछत्रपतींचे चित्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले. म्हणजे ज्या हाताने नटांचे चेहरे रंगविले, त्याच हाताने महाराष्ट्राला आपला राजा दाखविला. पोस्टर रंगविणाऱ्याला सामान्य कारागीर समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

अक्षरांचेही तसेच. जुन्या हिंदी पोस्टरवर नाव पुष्कळदा तीन लिप्यांत असे: देवनागरी, उर्दू आणि रोमन. तीन प्रकारचे वाचक एकाच तंबूत बसत, याची ती पावती होती. मराठीत कमल शेडगे यांनी नाटकांची शीर्षके रेखून दाखविले की अक्षराला स्वभाव असतो. 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे नाव एका वळणाने लिहावयाचे आणि 'मत्स्यगंधा' हे दुसऱ्या. २०२० साली ते निवर्तले. आज पोस्टर पाहताना अक्षर कोणत्या लिपीत आहे, आणि ते मराठी वळणाचे आहे की रोमन अक्षराला देवनागरीचा सदरा घातला आहे, हे जरूर पाहावे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे वळू. कारण हा सारा खटाटोप त्यासाठीच आहे. मराठी चित्रपटात खेडे म्हटले की कोल्हापुरी फेटा येतो, पन्हाळ्याकडचा डोंगर येतो, आणि बोली येते ती कोल्हापूर-साताऱ्याची. याला कारण साधे आहे. स्टुडिओ कोल्हापुरास आणि पुण्यास होते. जे दाराशी होते तेच महाराष्ट्राचे खेडे ठरले. 'मले', 'तुले', 'काहून' असे बोलणारा माणूस पडद्यावर आला तो बहुधा हसविण्यासाठी. एका तालुक्याची बोली नायकाची होते आणि दुसऱ्याची विदूषकाची, तेव्हा शाळेतले पोर आपल्या आईची भाषा चारचौघांत गिळू लागते. हे नुकसान कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिले जात नाही.

आणि हसविण्याचे संपले की रडविण्याचे सुरू होते. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी 'सावकारी पाश' काढला. कर्जात जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी त्यात होता, आणि ती भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. १९५७ साली 'मदर इंडिया'ची नर्गिस नांगर ओढताना भिंतीभिंतीवर दिसली. २००९ साली सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला. त्यात विदर्भातल्या एका घरची अलका आपल्या नवऱ्याने जीव देऊ नये म्हणून लहान पोराला त्याच्या पाठीवर पाळतीला ठेवते. कर्ज तेच, पाश तोच, चौऱ्यांशी वर्षांचे अंतर. परंतु या अखेरच्या चित्रपटात एक मोठी गोष्ट आहे: त्यातला किसना मरणासाठी जगत नाही, पेरण्यासाठी जगतो. घरात थट्टा आहे, रुसवे आहेत, ताटात वाढलेले अन्न आहे.

वर्तमानपत्रांतून आणि जाहिरातींतून जे चित्र फिरते त्यात मात्र हे नसते. तेथे तीनच वस्तू ठरलेल्या: भेगाळलेली जमीन, आकाशाकडे पाहणारा म्हातारा, आणि दोर. आता आपणच सांगा, वैशाखात काळी जमीन भेगाळत नाही असे एक तरी वर्ष गेले आहे काय? उन्हाने तापलेली, भेगा पडलेली जमीन पुढल्या पिकाला मानवते, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते. शहरात बसलेला चित्रकार ज्या भेगेत मरण पाहतो, तीत शेतकरी मृगाची वाट पाहत असतो. खरे संकट भेगेत नाही; ते दुबार पेरणीत आहे, कापसाच्या भावात आहे, बोंडअळीत आहे. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. पाठीवर पंप घेतलेला तो मजूर पोस्टरच्या सोयीचा नाही. दोर सोयीचा आहे. डवरणी करणारा, निंदणाला आणि वेचणीला जाणाऱ्या बाया, पोडावरचा कोलाम, तांड्यावरचा बंजारा, हे कोठे आहेत? बंजारा बाईचा आरशांचा पोशाख सिनेमाने नाचासाठी नेला. बाई तांड्यावरच राहिली.

हे बदलू शकते काय? शकते. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीजवळून जाते आणि त्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. त्या क्षणी संवादाची गरजच राहत नाही. भिंतीवर कोण आहे आणि भिंतीखालून कोण चालले आहे, एवढे दिसले की पुरे. त्यांच्याच २०२२ च्या 'झुंड'मध्ये नागपूरची वस्ती, तिथली पोरे आणि त्यांची बोली आली, आणि कोणी ती विदूषकाच्या तोंडी घातली नाही.

श्रोतेहो, तक्रार करून थांबणे आम्हांस मंजूर नाही. पोस्टर समोर आले की तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्या. यातल्या चेहऱ्याचा रंग कोणी ठरविला? मागचा देखावा कोणत्या मुलखातला आहे? आणि या गोष्टीतला कोणता माणूस पोस्टरवर यावयास हवा होता, पण आला नाही? शाळांनी एक उपक्रम करावा. मुलांनी वर्षभरातली मराठी पोस्टरे जमवावीत, वहीत चिकटवावीत आणि या प्रश्नांची उत्तरे लिहावीत. संशोधन म्हणतात ते याहून फारसे वेगळे नसते. जुन्या ट्रंकांत सिनेमाची हँडबिले आणि गाण्यांच्या चोपड्या असतील, त्या रद्दीत घालू नयेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असाच कागद सांभाळीत आले आहे. त्याचे मोल आपण ओळखावे. आणि गावात फ्लेक्स करणारी जी तरुण पोरे आहेत, त्यांनी पुढाऱ्यांच्या चेहऱ्यांबरोबर एखादा वेचणीचा दिवसही मांडून पाहावा.

आपल्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून खाली जावे लागते. लोकांचे चित्र काढू पाहणाऱ्यानेही तेवढे खाली यावे, आणि आपण त्याला तेवढे खाली यावयास लावावे, ही विनंती.