माळढोकाचे एकच अंडे



धाराशिवकरांना माळाची ओळख करून द्यावी, हे धाडसच. पण ज्या माळाला आपण सातबाऱ्यावर पडीक म्हणतो, त्यावरच माळढोक संसार मांडतो. संसार तरी केवढा? उघड्या जमिनीवर उथळ खळगा, आणि त्यात बहुधा एकच अंडे! पावसाळ्यात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. पुढच्या कामाशी त्याचा संबंध नाही. सुमारे २७ दिवस अंड्यावर बसते ती मादीच. अंडे मातीच्या रंगाचे. पाय पडेपर्यंत दिसू नये असे. कोणी जवळ आलेच, तर ती पाय लोंबते ठेवून उडते, शत्रूला भुलवून दूर नेते. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालतेही; नांगरापुढे नाही.

शेजारी नान्नजला १९७९ साली या पक्ष्यासाठी अभयारण्य झाले. तरी माळ मोडत गेला. दाट झाडी लावली, तरी दूरवर नजर लागणाऱ्या या पक्ष्याला माळ परका होतो. वनमहोत्सवात आम्हीही माळावर खड्डे खणले आहेत. तेव्हा हे ध्यानी आले नाही. आज रानात देशभर मिळून दीडशेच्या आसपास माळढोक उरले, तेही बहुतेक राजस्थानात.

आपल्या माळावर तो घुमताना ऐकलेले कोणी वडीलधारे सभेत असतील, तर त्यांनी व्याख्यानानंतर आम्हांस जरूर भेटावे.