नौकेच्या यंत्राची हाक

आदिलाबादहून निर्मलकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इचोडा लागते. या रस्त्यावर एखाद्या मालमोटारीच्या चालकापुढे तांबडा दिवा लागला, तर तो गाडी कडेला घेतो, खाली उतरतो आणि यंत्र निवेपर्यंत झाडाच्या सावलीत बसून राहतो. शिवारातल्या विहिरीवर जुन्या पद्धतीचे तेल-इंजिन चालविणाऱ्या शेतकऱ्याला तर दिव्याचीही गरज नसे. यंत्र थंड ठेवून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेखाली तो हात धरी. पाणी कोमट असले म्हणजे सारे ठीक; चटका बसला किंवा धार बारीक झाली की यंत्र बंद. दोघांच्याही पायाखाली जमीन असते, आणि थांबणे म्हणजे फक्त वेळेचा खोळंबा असतो.

त्याच जातीचे यंत्र नौकेत बसले म्हणजे गोष्ट पालटते. रेवस-मांडव्याकडे उतारू घेऊन निघालेली लाँच असो की हर्णैची मासेमारी नौका, भर पाण्यात भोंगा वाजू लागला तर कडेला घेण्यास कडच नसते. यंत्र चालू ठेवावे तर ते जळून जाण्याची भीती. बंद करावे तर वारा आणि ओहोटी नौकेला खडकाकडे ओढून नेण्याची भीती. म्हणून जाणता तांडेल प्रथम यंत्राकडे पाहत नाही, तो भोवताली पाहतो. मोकळे पाणी असेल तर यंत्र तत्काळ थांबवितो, आणि पाणी उथळ असेल तर नांगर टाकतो. खडक अगदी जवळ असतील तर मात्र धीम्या गतीने तेवढे अंतर तोडून मग थांबणे शहाणपणाचे. यंत्र गेले तरी चालेल, माणसे राहिली पाहिजेत.

नौका सुरक्षित झाली की भोंगा कशासाठी वाजला हे पाहावयाचे. बहुतेक नौकांवर तो दोन कारणांनी वाजतो : तेलाचा दाब उतरला म्हणून, किंवा यंत्र तापले म्हणून. आवाज पुष्कळदा एकच असतो. भेद समजतो तो काट्यांवरून आणि दिव्यांवरून. तेलाची तक्रार अधिक गंभीर. फिरता दांडा आणि त्याचे बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा असतो, आणि तो नाहीसा झाला की धातू धातूला घासतो. मग अवघ्या काही मिनिटांत यंत्र जखडते. अशा वेळी तेल मोजण्याची दांडी काढून पाहावी. पातळी उतरली असेल तर गळती शोधावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि यंत्र पुन्हा सुरू करू नये.

तापण्याचे कारण मात्र बहुधा साधे आणि स्वस्त असते. नौकेचे यंत्र समुद्राचेच पाणी ओढून घेऊन थंड राहते, आणि आत खेळलेले पाणी पुष्कळशा नौकांत धुराबरोबर मागच्या नळीतून बाहेर पडते. ती धार आटली की शोध कोठे करावयाचा हे कळलेच. मुंबईच्या आसपास तळाच्या छिद्राला प्लॅस्टिकची पिशवी चिकटणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. यात एक गंमत अशी, की यंत्र थांबले म्हणजे ओढ संपते, पिशवी आपोआप सुटते आणि तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही. पुढे निघाले की ती, किंवा तिची एखादी बहीण, पुन्हा येऊन चिकटते. त्यानंतर पाहावयाची ती गाळणी, मग पट्टा, मग पंपातील रबरी पंखा. तापलेल्या यंत्राचे झाकण मात्र उघडू नये. आतले पाणी वाफेसह उसळून तोंड भाजते.

या रबरी पंख्याची कहाणी पावसाळ्याशी निगडित आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. तेवढा काळ पंख्याची पाती एकाच बाजूला वाकून पडतात आणि त्यांना तोच बाक बसतो. नळ्यांत मिठाचा थर धरतो. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण होतो, नौका पाण्यात उतरते, आणि मग भोंगा वाजतो. पाते तुटलेले आढळले तर तुकडा हुडकलाच पाहिजे. तो पुढे कूलरच्या तोंडाशी अडकून बसतो आणि नवा पंखा बसविल्यावरही भोंगा थांबत नाही.

सारे नीट असूनही आवाज येत राहिला तरच तारांचा संशय घ्यावा. उष्णता जाणणाऱ्या कळीची तार क्षणभर सोडून पाहावी. साध्या जोडणीत, तार सोडताच आवाज थांबला तर दोष कळीचा, किंवा यंत्र खरोखरच तापले असले पाहिजे. तरीही वाजत राहिला तर ती तार कोठेतरी सोलून धातूला टेकली आहे. पुष्कळ खलाशी मात्र हा शोध उलट्या टोकाने सुरू करतात. आवाजाचा त्रास नको म्हणून आधी तारच कापतात आणि निर्धास्त होतात! बऱ्याच यंत्रांवर चावी फिरविताच भोंगा थोडा वाजतो आणि यंत्राने तेलाचा दाब धरला की गप्प होतो. धक्क्यावर तो मुळीच वाजला नाही, तर त्या दिवशी आधी भोंगाच दुरुस्त करावा.

जास्तीचा एक पंखा डब्यात असावा. तो साबणाच्या पाण्याने ओला करून बसवितात. कोरडा फिरला तर काही क्षणांतच त्याची पाती जळतात. मग तळाचा कॉक उघडा आहे याची खात्री करून यंत्र सुरू करावे, आणि दोर सोडण्यापूर्वी एका खलाशाने मागे वाकून नळीतून पाणी पडते आहे की नाही ते पाहावे, हात लावून.