खोखोचा तास

कवायतीचा तास म्हणजे मास्तरांची विश्रांती, असा आमच्या रत्नागिरीकडे पुष्कळांचा समज आहे. आम्ही त्या तासाला खोखो घेतो. मैदान मुलेच मोजून आखतात. पुस्तकातल्या गणिताला रडणारा तेथे बिनचूक मोजतो. गडी ९, ८ बसलेले, एक धावणारा. खो मात्र पाठीला हात लावूनच द्यावा लागतो! घटनेने १९५० सालीच अस्पृश्यता रद्द केली, तरी एक पालक आम्हांस विचारते झाले, "गुरुजी, आमच्या पोराच्या पाठीला कुणाचाही हात?" आम्ही म्हटले, "नियम खेळाचा आहे. अहो, जोतीराव फुले दांडपट्टा शिकले ते लहुजीबुवा या मांग वस्तादांकडे!" पालक काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी पोरगे आपणहून रांगेत बसले.