आपला वॉर्ड आणि आपली नोंद

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता सहसा तालीमचे महत्त्व सांगतो. ते आपणास ठाऊक आहे, म्हणूनच आपण मुलांना घेऊन येथे आला आहात. मी आज त्याहून रुक्ष विषय घेतला आहे. मुंबईचा वॉर्ड, त्याचा कारभार आणि त्याची लोकसंख्या. नाव ऐकून काही जणांनी घड्याळाकडे पाहिले असेल, त्यांना माझा दोष नाही. परंतु आपल्या मुलाची शाळा, त्याचा दाखला, त्याची शिष्यवृत्ती या गोष्टी कोठे अडतात याचा शोध घेतला तर पुष्कळदा ती वाट वॉर्डाच्या कचेरीपाशी जाऊन थांबते.

प्रथम शब्दाचा घोळ मिटवू. आपण ‘वॉर्ड’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना वापरतो. ज्यातून नगरसेवक निवडून येतो तो प्रभाग. त्याला क्रमांक असतो आणि असे प्रभाग मुंबईत २२७ आहेत. त्यांच्या हद्दी लोकसंख्येनुसार आखल्या जातात आणि बदलतातही. दुसरा तो प्रशासकीय विभाग, ज्याला इंग्रजी अक्षर असते : ए, बी, सी, डी. पाणी, कचरा, गटार, दुकानाचे लायसन, जन्ममृत्यूची नोंद, ही सारी कामे या अक्षरवाल्या वॉर्डातून होतात. त्याचा प्रमुख सहायक आयुक्त. लोक त्यांना आजही ‘वॉर्ड ऑफिसर’ म्हणतात. आपला नगरसेवक कोण हे आपल्यापैकी बहुतेकांना सांगता येते, आपले अक्षर कोणते हे मात्र फार थोड्यांना.

या अक्षरांचीही एक गंमत आहे. शहर माहीम-शीवपर्यंत होते तेव्हा ए ते जी एवढ्यात ते मावत असे. १९५० साली आणि पुन्हा १९५७ साली उपनगरे महापालिकेत आली आणि अक्षरे पुढे सरकली. पण एचच्या पुढे आय आणि जे नाहीत, ओ नाही, क्यूही नाही. शेवटचे अक्षर टी, म्हणजे मुलुंड. सोळा अक्षरे, त्यांपैकी काहींचे पूर्व-पश्चिम किंवा उत्तर-दक्षिण असे तुकडे, आर विभागाचे तर तीन. असे मिळून २०११ च्या जनगणनेच्या वेळी चोवीस वॉर्ड होते. त्यानंतर मालाडच्या पी-उत्तर आणि अंधेरीच्या के-पूर्व या अवाढव्य वॉर्डांच्या विभागणीचे काम हाती घेतले गेले.

आता मी आपणापुढे फक्त दोन वॉर्ड ठेवतो, कारण या सभागृहातील बऱ्याच घरांची कहाणी या दोहोंच्या मध्ये कोठेतरी घडली आहे.

पहिला बी वॉर्ड. डोंगरी, उमरखाडी, चकला, मांडवी. आपल्या आजोबा-पणजोबांनी रत्नागिरी-रायगडहून बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर पाय ठेवला तो याच भागाच्या शेजारी, आणि पहिली रात्र काढली ती बहुधा येथल्याच एखाद्या जमातीच्या खोलीत. दुसरा एम-पूर्व वॉर्ड. गोवंडी, मानखुर्द, देवनार, ट्रॉम्बे, चिता कॅम्प.

आकडे पाहा. २००१ साली बी वॉर्डात १,४०,६३३ माणसे होती, २०११ साली १,२७,२९० राहिली. एम-पूर्व वॉर्डात २००१ साली ६,७४,८५० होती, ती २०११ साली ८,०७,७२० झाली. वजाबाकी आपण घरी करालच, तरी मी सांगून टाकतो. एम-पूर्वमध्ये दहा वर्षांत जी भर पडली तीच १,३२,८७०. म्हणजे अख्ख्या बी वॉर्डातील माणसांहून अधिक माणसे एम-पूर्वमध्ये नव्याने वाढली. विद्यार्थी मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकात ‘स्थलांतर’ या शब्दाची व्याख्या पाठ करता ना? या वाढीत जन्मही आहेत आणि बाहेरगावाहून आलेलेही आहेत, पण जुन्या मुंबईतून सरकलेली घरेही आहेत. जुन्या मुंबईच्या नऊ वॉर्डांपैकी सातांची लोकसंख्या त्या दहा वर्षांत घटली. इमारती जुन्या झाल्या, खोल्यांची गोदामे झाली, कुटुंब वाढले आणि खोली मात्र तेवढीच राहिली. थोरला मुलगा लग्न करून गोवंडीला गेला, मधला कुर्ल्याला, धाकटा मुंब्र्याला.

आणि काहींना आपखुशीने जाण्याचीही मुभा नव्हती. चिता कॅम्प वसला तो १९७६ साली, आणीबाणीत, भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवून. देवनारला शहराचा कचरा १९२७ पासून टाकला जात आला. कत्तलखानाही वांद्र्याहून तेथेच आणण्यात आला, १९७१ साली. शहराला जे जे आपल्या दारात नको होते ते ते या एका कोपऱ्यात गेले आणि मागोमाग गरीब माणूस गेला. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात साऱ्या वॉर्डांत एम-पूर्वचा क्रमांक शेवटचा लागला, याचे ज्याने तो वॉर्ड पायी फिरून पाहिला आहे त्याला नवल वाटले नसेल.

आता कारभाराकडे वळू. बी वॉर्डाला सहायक आयुक्त एक. एम-पूर्व वॉर्डालाही एकच. आरोग्य अधिकारी तेथे एक, येथेही एक. पी-उत्तरमध्ये तर २०११ साली ९,४१,३६६ माणसे होती, बी वॉर्डाच्या सातपट, आणि त्यांचाही वॉर्ड ऑफिसर एकच. नगरसेवकांच्या बाबतीत असे होत नाही. २०११ च्या आकड्यांवर एका प्रभागाची सरासरी सुमारे ५५ हजार पडते. त्या हिशेबाने बी वॉर्डाच्या वाट्याला दोन जागा येतात, तर एम-पूर्वच्या वाट्याला चौदा-पंधरा. म्हणजे मत मोजताना माणसे धरली जातात, पण कचेरी थाटताना अक्षर धरले जाते. कर्मचारी कमी-अधिक असतात हे मान्य. पण ज्याच्या सहीने काम होते तो माणूस एकच असला की रांग किती लांब होते हे पालकांना सांगायला नको. शिवाय महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ निवडणूकच झाली नाही. त्या काळात सारा कारभार प्रशासकाच्या हाती होता. दार ठोठवायचे तर वॉर्डाच्या कचेरीचेच.

येथवर मी व्यवस्थेची उणीव सांगितली. आता आपल्या हातात काय आहे ते पाहू.

जन्माची नोंद घ्या. १९६९ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली आणि ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलासाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा. शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, सर्वत्र तोच. पूर्वी शाळेत मौखिक तारीख सांगून चालत असे. कित्येक जुन्या हजेरीपटांत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जून आहे तो काही उगीच नव्हे! ते दिवस आता गेले.

नोंद कोठे होते, हा पुढचा प्रश्न, आणि येथेच फार घरे चुकतात. नोंद होते ती मूल जेथे जन्मले त्या वॉर्डात, आपण राहतो त्या वॉर्डात नव्हे. राहता गोवंडीला, पण बाळंतपण जे. जे. रुग्णालयात झाले असेल तर नोंद ई वॉर्डात. शीवच्या रुग्णालयात झाले असेल तर एफ-उत्तर. घाटकोपरच्या राजावाडीत झाले असेल तर एन. माहेरी चिपळूणला झाले असेल तर मुंबईत कोठेच नाही, तेथल्या नगरपरिषदेत. मुदत एकवीस दिवसांची. रुग्णालयात जन्म झाला असेल तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची, पण घरी झाला असेल तर कुटुंबप्रमुखाची. एक वर्ष उलटले की मग जिल्हादंडाधिकाऱ्यांचा किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि अशा उशिराच्या नोंदींची कार्यपद्धती राज्य शासनाने २०२५ साली अधिकच कडक केली आहे.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्याकडे बाळाचे नाव ठरायला वेळ लागतो. आजी एक सुचवते, फुफू दुसरे. तोवर रुग्णालयातून कागद गेलेला असतो आणि नावाची जागा कोरी राहते. त्या कोऱ्या जागेत बारा महिन्यांच्या आत नाव मोफत भरता येते आणि त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. दहावीचा फॉर्म भरायची वेळ येते ती नेमकी ही मुदत संपत आल्यावर. आज घरी गेल्यावर दाखला काढून पाहा. नुसते ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ लिहिले आहे की नाव आहे? आणि आडनावाचे स्पेलिंग बापाच्या कागदावर आहे तेच आहे काय? शेख दोन प्रकारे लिहिले गेले म्हणून खेटे घालणारी मुले मी पाहिली आहेत.

आता दाखल्यांच्या निराळ्या कचेऱ्या. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा दाखला वॉर्डात मिळत नाही. ते काम महसूल खात्याचे. मुंबई उपनगर हा जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी निराळा झाला. त्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला असे तीन तालुके आहेत. गोवंडी-मानखुर्दची माणसे कुर्ला तालुक्यात येतात. डोंगरीची माणसे मुंबई शहर जिल्ह्यात, तेथे तालुकेच नाहीत. रेशनकार्ड तिसऱ्याच कचेरीचे. हे एकदा समजले की चार खेपा वाचतात.

जातीच्या दाखल्याबद्दल थोडे अधिक बोलतो, कारण त्यात डोंगरी पुन्हा येते. जुलाहा, तांबोळी, पिंजारी, बागवान अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत आणि त्यांच्या मुलांना फीमध्ये, प्रवेशात सवलत मिळू शकते. पण त्यासाठी कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ रोजी किंवा त्यापूर्वी महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा लागतो. छप्परबंदांसारख्या विमुक्त जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१. आता गोवंडीच्या झोपडीत १९६७ चा कागद कोठून मिळणार? तो आहे डोंगरीच्या त्या महापालिका शाळेत जेथे आजोबा शिकले, तेथल्या जनरल रजिस्टरात. किंवा गावच्या मराठी शाळेत. माणसे एम-पूर्वला गेली, कागद बी वॉर्डातच राहिला. त्यातही अडचण अशी की जुन्या हेडमास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहून रकाना भरला, बिरादरी लिहिलीच नाही. म्हणून एका कागदावर थांबू नका. काका, आत्या, चुलत आजोबा यांच्यापैकी कोणाच्या तरी उताऱ्यात नीट नोंद सापडते. आणि हे काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, मूल आठवी-नववीत असतानाच सुरू करावे. शाळा बंद पडली, विलीन झाली तरी तिचे रजिस्टर कोठे गेले हे महापालिकेच्या शिक्षण खात्यात विचारता येते. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेले मीठ.

राहिली जनगणना. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आलेली ही गणना २०२१ साली झाली नाही. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेने तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरवला. त्यामुळे शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या यांचे हिशेब इतकी वर्षे २०११ च्या आकड्यांवर चालत आले. २०११ साली जन्मलेले मूल २०२६ मध्ये पंधरा वर्षांचे होते. ते कागदावर अजून पाळण्यात असले तर त्याच्यासाठी माध्यमिक शाळेची खोली कोण बांधणार?

आपल्या कोकणी घरांत एक जुनी सवय आहे. विचारणारा आला की, ‘आमचे घर गावी आहे, तेथे लिहिले जाईल’ असे सांगून त्याला वाटेला लावायचे. गावचे प्रेम समजते, पण जनगणनेत माणूस धरला जातो तो जेथे नेहमी राहतो तेथे. गावच्या कुलूपबंद घरात शाळेत जाणारे मूल कोणी नाही. ते गोवंडीच्या भाड्याच्या खोलीत आहे, आणि भाड्याची खोली असली म्हणून ते मोजण्यातून वगळले जात नाही. खोली पोटमाळ्याची असो वा पत्र्याची, तीही मोजली जाते. काहींना भीती वाटते की दिलेली माहिती भलतीकडे जाईल. १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रत्येक कुटुंबाची माहिती गोपनीय ठेवली आहे. ती न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम ठेवतो. तुमच्या गल्लीत मोजणीला माणूस आला की त्याच्याबरोबर जिना चढा. वरच्या मजल्यावरच्या खालांना प्रश्न समजावून सांगा, कोणते दार सुटले ते त्याला दाखवा. आणि आपापल्या वॉर्डाचे अक्षर कोणते, ते या मेळाव्यानंतर चहाच्या वेळी मला येऊन सांगा. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी वॉर्डांचा नकाशा दाराजवळच्या फळ्यावर लावला आहे.