नगर-रोखे आणि नागरिकांची देखरेख : सुरक्षेच्या कामांचा हिशेब कोणी मागावा?

(खुर्सीपार, भिलाई येथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठीभाषक विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



महानगरपालिकांचे कर्जरोखे हा विषय आपण बहुधा तीन नोंदींत उरकतो. बंगळुरू १९९७, अहमदाबाद १९९८ आणि ‘सेबी’चे विनियम २०१५. या नोंदी पाठ असाव्यातच; त्यांवर प्रश्न येतात. परंतु आज मी त्यांच्या पुढच्या, काहीशा दुर्लक्षित प्रश्नाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या शहराने लोकांच्या सुरक्षिततेसाठी कर्ज उभारले, तर तो पैसा त्याच कामावर, वेळेत आणि खरोखर उपयोगी पडेल अशा रीतीने खर्च झाला की नाही, हे पाहण्याचे साधन कोणाच्या हाती असते?

खुर्सीपारमध्ये हा प्रश्न निव्वळ पुस्तकी राहत नाही. आपण बसलो आहोत ती वस्ती पोलाद कारखाना, हावडा-मुंबई लोहमार्ग आणि ग्रेट ईस्टर्न रोड यांच्या सान्निध्यात वाढलेली आहे. २०१८ या एकाच वर्षाची आठवण करा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूची मोठी साथ आली आणि तिची झळ बसलेल्या वस्त्यांत खुर्सीपारचे नाव अग्रभागी होते. त्यानंतर ९ ऑक्टोबर रोजी कारखान्याच्या कोक ओव्हन विभागातील वायुवाहिनीवर स्फोट होऊन अनेक कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत कारखान्याच्या अग्निशमन दलाचे कर्मचारीही होते. कारखान्याच्या आतील सुरक्षा ही त्या उद्योगाची आणि कारखाना निरीक्षकांची जबाबदारी. तुंबलेले नाले, बंद पथदिवे, अग्निशमन बंब वळू शकणार नाही इतकी अरुंद गल्ली ही मात्र नागरी प्रशासनाची जबाबदारी. सार्वजनिक सुरक्षा या शब्दाचा अर्थ पोलीस चौकी आणि कॅमेरे एवढाच घेतला जातो, तो अपुरा आहे. नागरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने गटारही सुरक्षेचेच काम ठरते.

आता मूळ संकल्पना पाहू. नगर-रोख्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार मानले जातात. पहिल्यात परतफेड त्याच प्रकल्पाच्या उत्पन्नातून होते. पाणीपट्टी येते, तीतून व्याज भरले जाते. दुसऱ्यात परतफेडीचा भार शहराच्या सर्वसाधारण उत्पन्नावर, मुख्यतः करांवर पडतो. अहमदाबाद महानगरपालिकेने जानेवारी १९९८ मध्ये राज्य शासनाच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढले, ते पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी. नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटी व नागपूरने २००१ मध्ये ५० कोटी उभारले, त्यांतही पाणीपुरवठ्याचे काम होते. इंदूरने २०२३ मध्ये काढलेले हरित रोखे सौरऊर्जा प्रकल्पासाठी होते आणि त्या विजेचा उपयोगही पाणी खेचणाऱ्या पंपांसाठीच व्हायचा आहे. म्हणजे आपले रोखे प्रामुख्याने जिथे उत्पन्नाचा किंवा बचतीचा प्रवाह दिसतो, तिथेच गेले आहेत.

अग्निशमन केंद्राला असे उत्पन्न नसते. आग लागलीच नाही तर ते केंद्र सर्वांत यशस्वी, आणि त्याच वर्षी त्याचा खर्च सर्वांत अनावश्यक वाटतो. पावसाळी नाल्याचेही तसेच. म्हणून सुरक्षेच्या कामांसाठी रोखे काढायचे झाल्यास परतफेड मालमत्ता करातूनच करावी लागेल. कर्ज घेणारी महानगरपालिका, फेडणारा करदाता आणि संरक्षण मिळणारा रहिवासी, यांपैकी शेवटचे दोन बहुतांशी एकच असतात. देखरेखीचा त्यांचा हक्क इथून उगम पावतो, हे उत्तरपत्रिकेत स्पष्ट मांडावे.

देणेकरी आणि घेणेकरी

यावर कोणी म्हणेल की रोख्यांवर देखरेखीची काय वाण आहे? ‘सेबी’च्या २०१५ च्या विनियमांनुसार मागील तीन वर्षांत महानगरपालिकेचे निव्वळ मूल्य ऋण असता कामा नये, अलीकडे कर्जफेडीत कसूर झालेली नसावी, पतमानांकन घ्यावे, परतफेडीसाठी एस्क्रो खाते ठेवावे, उभारलेला पैसा ठरलेल्या प्रकल्पावरच खर्च व्हावा आणि त्यासाठी प्रकल्प अंमलबजावणी कक्ष असावा. ही व्यवस्था उत्तम आहे. पण तिचे बारकाईने वाचन केल्यास दिसते की तिच्यातील बहुतेक पहारेकरी घेणेकऱ्याचे आहेत. पतमानांकन संस्था परतफेडीची शक्यता तपासते. एस्क्रो खाते हप्ता सुरक्षित ठेवते. नाला बांधल्यावर त्यातून पाणी वाहते का, हे यांपैकी कोणीही विचारत नाही. विचारण्याचे त्यांना कारणही नाही.

पुण्याचे उदाहरण या दृष्टीने अत्यंत बोधप्रद आहे. जून २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मुदत १० वर्षे, व्याजदर ७.५९ टक्के. एकूण २,२६४ कोटी रुपये टप्प्याटप्प्याने उभारण्याचा मानस होता. गुंतवणूकदारांचा प्रतिसाद मागणीच्या कित्येक पट आला आणि मुंबई शेअर बाजारात रोख्यांची समारंभपूर्वक नोंदणी झाली. देशभरातील नगर-रोख्यांच्या बाजारात दशकभराच्या मरगळीनंतर ही जान आली, हे श्रेय पुण्याला दिलेच पाहिजे. मात्र योजनेच्या निविदांवर दरांवरून आक्षेप आले, त्या रद्द झाल्या, फेरनिविदा काढाव्या लागल्या. पैसा तर आधीच हाती आलेला होता. तो बँकेत मुदत ठेवींत ठेवला गेला.

आता साधे गणित करा. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये व्याज, म्हणजे दिवसाला सुमारे ४ लाख १६ हजार. ठेवींवर बँकेचे व्याज मिळाले आणि केंद्र शासनाने रोखे काढणाऱ्या शहरांना दर १०० कोटींमागे १३ कोटींचे प्रोत्साहनही दिले, त्यामुळे निव्वळ भार याहून कमी होता. ही गोष्ट टीकाकार सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो. दुसरीही एक बाजू आहे: फेरनिविदांत दर उतरले. म्हणजे आक्षेपांमुळे काम लांबले, पण त्याच आक्षेपांनी पैसाही वाचवला.

मग दोष कशात होता? माझ्या मते क्रमात. निविदा पक्की होण्याआधी कर्ज घेतले गेले. आणि लक्षात घ्या, या साऱ्या काळात रोखेधारकाची काहीच तक्रार असण्याचे कारण नव्हते. व्याज वेळेवर मिळत होते, पतमानांकन चांगले होते. ज्याला तक्रार असायला हवी होती त्या नागरिकाला कर्ज काढण्यापूर्वी विचारणारे अधिकृत व्यासपीठ नव्हते. त्याचा आवाज उमटला तो वृत्तपत्रांतून आणि माहितीच्या अधिकारातील अर्जांतून, म्हणजे पैसा आल्यानंतर. देखरेख कामाच्या शेवटी लावण्याची गोष्ट नव्हे, ती रोखे काढण्याच्या ठरावाआधी सुरू झाली पाहिजे, हा माझा आग्रह याच अनुभवावर आधारलेला आहे.

सुरक्षेच्या कामांत हा विलंब अधिक महाग पडतो. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये शहरात कॅमेऱ्यांचे जाळे उभारण्याची शिफारस केली. निविदांच्या फेऱ्या होत होत ते जाळे २०१६ मध्ये पूर्ण झाले. तो पैसा रोख्यांचा नव्हता, राज्य शासनाचा होता. तोच जर कर्जाचा असता, तर या सात वर्षांचे व्याज किती झाले असते, याचा हिशेब आपण घरी मांडून पाहावा.

सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव

सुरक्षेच्या कामांसाठीच काढलेल्या रोख्यांचे आणि त्यांवरील नागरी देखरेखीचे सुस्पष्ट उदाहरण अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात आढळते. भूकंपप्रवण असलेल्या या शहराने भूकंप-सुरक्षा व आपत्कालीन प्रतिसाद या शीर्षाखाली २०१० मध्ये ४१ कोटी २३ लाख डॉलर, २०१४ मध्ये ४० कोटी डॉलर आणि २०२० मध्ये ६२ कोटी ८५ लाख डॉलर इतक्या रोख्यांना मतदारांची मंजुरी घेतली. अग्निशमन केंद्रे, आगीसाठीची स्वतंत्र जलवाहिनी, पोलिसांच्या इमारती अशी ही कामे. तेथे अशा रोख्यांना दोन तृतीयांश मते लागतात. २००२ मध्ये मतदारांनीच एक नागरिक देखरेख समिती निर्माण केली. ९ सदस्य, नेमणुका एकाच व्यक्तीच्या हाती नाहीत, महापौर, नगरमंडळ, नियंत्रक व नागरी पंच मंडळ यांच्यात वाटलेल्या. समिती निविदा काढत नाही, कंत्राटदार निवडत नाही. ती विचारते, तपासते आणि जाहीर अहवाल देते.

हा नमुना जसाच्या तसा उचलण्याजोगा नाही. तेथे नागरिकाने मत देऊन कर्जाला संमती दिलेली असते. देखरेख ही त्या संमतीची पुढची पायरी आहे. आपल्याकडे रोखे काढण्याचा निर्णय महानगरपालिकेची सभा आणि राज्य शासन घेते. मतदानाची पायरीच नसल्याने देखरेखीचा आधार अन्यत्र शोधावा लागतो.

आपल्या घटनेतील आधार

तो ७४ व्या घटनादुरुस्तीत सापडतो. अनुच्छेद २४३-एस नुसार ३ लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या नगरपालिका क्षेत्रात प्रभाग समित्या बंधनकारक आहेत. २०११ च्या जनगणनेत भिलाईची लोकसंख्या ६ लाखांवर होती. पुढे रिसाली वेगळी महानगरपालिका झाली तरी हे कलम भिलाईला लागू आहेच. मात्र समितीत नगरसेवकांखेरीज कोण असावे हे राज्य विधिमंडळावर सोपवले आहे. महाराष्ट्रात स्वयंसेवी संस्थांनी शिफारस केलेल्या व्यक्तींपैकी तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करण्याची सोय आहे. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाच्या (२००५) अटीनुसार महाराष्ट्राने २००९ मध्ये क्षेत्रसभांचीही तरतूद केली. ग्रामसभेचे हे शहरी भावंड कागदावर जन्मले. प्रत्यक्षात त्याने बाळसे धरले नाही.

याच्या जोडीला माहिती अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ आहे. त्यानुसार माहिती मागितल्यावरच नव्हे, स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. सामाजिक अंकेक्षण रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ मुळे गावांत रुजले. मेघालयाने २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. नगर-रोख्यांना हे तत्त्व लागू करण्यात घटनात्मक अडचण दिसत नाही.

येथे छत्तीसगडपुरती एक गुंतागुंत सांगितली पाहिजे. बाराव्या अनुसूचीतील सातवी नोंद ‘अग्निशमन सेवा’ अशी आहे. पण अनुच्छेद २४३-डब्ल्यू नुसार हे विषय नगरपालिकांकडे सोपवणे विधिमंडळाच्या इच्छेवर आहे. छत्तीसगडमध्ये अग्निशमन सेवा नगर संस्थांकडून राज्याच्या गृह विभागाखालील नगर सेनेकडे गेली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी ठेवलेले ५,००० कोटी रुपयेही राज्यांमार्फतच यायचे होते. म्हणजे बंब राज्याचा, पण बंब जिथे पोहोचायचा ती गल्ली, बांधकाम परवाना आणि पाण्याची जोडणी महानगरपालिकेची. उद्या भिलाईने सुरक्षेसाठी रोखे काढले आणि बंब उशिरा पोहोचला, तर दोन्ही यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवू शकतील. देखरेख समितीपुढे दोघांनीही उत्तर द्यावे, अशी अट ठरावातच घालावी लागेल.

अशा समितीने विचारायचे काय? केवळ ‘खर्च किती टक्के झाला’ हा प्रश्न पुरेसा नाही. आपल्या उपयोगिता प्रमाणपत्रांत पैसा संपला की काम झाले असे गृहीत धरले जाते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत शहरी भागात बंब ५ ते ७ मिनिटांत पोहोचावा असे म्हटले आहे. तेव्हा प्रश्न असा असावा: कर्ज काढण्यापूर्वी खुर्सीपारला बंब किती मिनिटांत येत होता आणि काम पूर्ण झाल्यावर किती मिनिटांत येतो? आधीची मोजणी झालेली नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही, म्हणून ती रोखे काढण्यापूर्वीच करून घ्यावी. दुसरा प्रश्न देखभालीचा. रोख्यांच्या पैशातून यंत्र विकत घेता येते; ते चालवणाऱ्या माणसाचा पगार आणि सुट्या भागांचा खर्च वार्षिक अंदाजपत्रकातून द्यावा लागतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या अहवालात दाखवल्याप्रमाणे आपल्या महानगरपालिकांचे उत्पन्न देशाच्या सकल उत्पादनाच्या जेमतेम १ टक्क्याच्या आसपास रेंगाळलेले आहे. अशा तिजोरीत देखभालीला शेवटचे पान वाढले जाते.

समितीवर कोण असावे, हे सर्वांत नाजूक. कंत्राटदाराशी, पुरवठादाराशी किंवा महानगरपालिकेच्या नोकरीशी संबंध असलेली व्यक्ती नसावी, हे उघड आहे. मला वाटते, निवृत्त अभियंते आणि लेखापाल भिलाईसारख्या शहरात विपुल आहेत आणि त्यांचा उपयोग व्हावा. पण त्यांच्याबरोबर ज्या वस्तीसाठी काम आहे तेथील रहिवासीही हवेत, विशेषतः स्त्रिया. पथदिवा कोणत्या वळणावर बंद आहे हे लेखापालापेक्षा त्यांना आधी कळते.

खर्चाचा आक्षेप नेहमी घेतला जातो, म्हणून शेवटी त्याविषयी. सॅन फ्रान्सिस्कोत रोख्यांच्या रकमेच्या ०.१ टक्क्यापर्यंतचा भाग या देखरेखीसाठी व लेखापरीक्षणासाठी वापरता येतो. आपल्याकडे २०० कोटींच्या रोख्यांवर ही रक्कम २० लाख रुपये होईल. पुण्याच्या दराने काढलेल्या तितक्याच रोख्यांचे पाच दिवसांचे व्याज २० लाख ८० हजारांच्या घरात जाते.